ख्रिस्ती होणें आणि ख्रिस्ती म्हणून जगणें

‘अमका ख्रिस्ती झाला’ असें कानीं आलें कीं आपल्या घरोघर पूर्वीं नांव, पोशाख व खाणेंपिणें यांचीच चर्चा होई. १८९० सालीं पंचहौद मिशनमध्यें घेतलेल्या पेलाभर चहावरून पुण्यांत केवढें वादळ उठलें, हें वाचकांस ठाऊकच आहे. परंतु ख्रिस्ताचा अनुयायी म्हणून जगणें म्हणजे काय, हा प्रश्न त्या गलबल्यांत मागेंच राहिला. पंडिता रमाबाईंच्या चरित्रांत त्याचें उत्तर शोधण्याजोगें आहे.

दुष्काळांत आईबाप गमावलेल्या या विदुषीनें १८८३ सालीं इंग्लंडांत बाप्तिस्मा घेतला. मात्र स्वतंत्रपणें विचार करण्याचा हक्क कोणाच्याही स्वाधीन केला नाहीं. धर्मतत्त्वांवरून तेथील मठवासिनींशींही त्या पत्रांतून वाद घालीत. क्रुसावर लॅटिनऐवजीं संस्कृत शब्द कां नसावेत, हा त्यांचा प्रश्न होता. शाकाहारही त्यांनीं सोडला नाहीं.

१८८९ सालीं मुंबईंत काढलेलें त्यांचें शारदासदन पुढच्याच वर्षीं पुण्यास आलें. तेथें धर्मोपदेश होऊं नये असें ठरलेलें होतें. पण बाईंच्या प्रार्थनेस मुली जाऊन बसूं लागल्या, आणि प्रार्थनेच्या वेळीं दार लावून घेण्यास बाई तयार नव्हत्या. ‘केसरी’नें टीकेची झोड उठविली. १८९३ सालीं रानडे व भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही सल्लागार मंडळांतून बाहेर पडले आणि पुष्कळ पालकांनीं मुली काढून नेल्या. विश्वासानें मुलगी सोंपविणाऱ्या पालकांस तिच्या धर्माची काळजी वाटावी, हें स्वाभाविकच होतें. उलट स्वतःची श्रद्धा लपविणें बाईंस अप्रामाणिकपणाचें वाटे. सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई मात्र हिंदूच राहिल्या. त्याच वर्षीं धोंडो केशव कर्वे यांच्याशीं त्यांचा पुनर्विवाह झाला.

खरी कसोटी १८९६-९७ च्या दुष्काळांत लागली. सदन निघालें होतें तें मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठीं. परंतु मध्यप्रांतांत अन्नान्न करीत फिरणाऱ्या मुलींस जात विचारण्याची ती वेळ नव्हती. बाई स्वतः तेथें गेल्या आणि शेंकडों स्त्रिया व मुली घेऊन आल्या. केडगांवच्या मुक्तिसदनांत त्यांस आसरा मिळाला. विणकाम, छपाई, शेती यांचें शिक्षण त्यांस मिळे. आंधळ्या मुलींसही वाचावयास शिकवीत. तेथें पुष्कळजणी ख्रिस्ती झाल्या, हेंही सांगितलें पाहिजे. हिब्रू व ग्रीक शिकून बायबलाचें सोप्या मराठींत भाषांतर करण्याचें काम बाईंनीं त्याच व्यापांत चालविलें. १९२१ सालीं एकुलती एक कन्या मनोरमा गेली. पुढच्या एप्रिलांत बाईंनींही देह ठेविला.

भुकेल्यास अन्न व परक्यास आसरा देणें ही ख्रिस्तानें आपल्या अनुयायांस घालून दिलेली परीक्षा आहे. बाईंच्या धर्मांतराविषयीं आपलें मत कांहींही असो, त्या या परीक्षेस बसल्या होत्या. आपल्याच कुटुंबांतील निराधार स्त्रीस मानाचें स्थान देतांना आपलाही धर्म तीच परीक्षा घेत नाहीं काय, याचा विचार सुज्ञ वाचकांनीं करावा.