मोटारीचें चाक बदलणें

मोटार बाळगणाऱ्या कृषक बंधूंनीं तिचें चाक बदलण्याची विद्या स्वतः संपादन करावी, असें आमचें अनुभवांतीं मत झालें आहे. गेल्या ज्येष्ठांत सूनबाईंस प्रसूतीसाठीं तालुक्यास नेत असतां मध्यरात्रीं पुढचें चाक बसलें. आम्हीं आधीं गाडी उचलली व मग नट फिरवूं लागलों. तों नटाऐवजीं चाकच फिरे! इतक्यांत जॅक काळ्या मातींत रुतून गाडी कलली. जवळच्या वस्तीवरील एका मुलानें फळी आणून क्रम सांगितला, तेव्हां निभावलें. नात सुखरूप झाली. पण तो पाऊण तास आम्हांस विसरवत नाहीं.

तो क्रम असा: गाडी कठीण, सपाट जागीं घ्यावी, माणसें उतरवावीं, हँडब्रेक ओढून गियर टाकावा व विरुद्ध कोपऱ्यांतील चाकास दगडाची अटकण द्यावी. चाक भुईवर असतांनाच नट अर्धा वेढा सैल करावे. जॅकखालीं जाड फळी घालून तो गाडीच्या पुस्तकांत दाखविलेल्या जागींच लावावा. उचललेल्या गाडीखालीं अंग घालूं नये. स्टेपनी चढवून नट हातानें बसवावे, गाडी उतरवावी, मगच समोरासमोरचे नट आळीपाळीनें घट्ट आवळावे. सुमारें ५० किलोमीटर गेल्यावर ते पुन्हां तपासावे.

स्टेपनींतील हवा महिन्यास एकदां पाहावी, व खळ्यांत दिवसाउजेडीं घरच्या मुलामुलींकडूनही हें काम करवून घ्यावें. गाडी जुंपण्यापूर्वीं आंस व कुणी तपासणारे आपण मोटारीविषयींच गाफील कां राहावें?