पाणी येण्याआधीचा निर्णय

टोकियो : जपानी विद्यापीठांत आज पहिल्या वर्षाला बसणारी मुले ११ मार्च २०११ रोजी अगदी लहान होती. त्या दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी ईशान्य किनारा ९ तीव्रतेच्या भूकंपाने हादरला. भूकंप आणि मागोमाग आलेली त्सुनामी यांत अठरा हजारांहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली. या मुलांच्या लेखी मात्र ही आता ऐकीव गोष्ट आहे. ऐकीव संकट अनुभवास कसे आणायचे, या प्रश्नापोटी इथल्या वर्गांत आभासी वास्तव, म्हणजे व्हीआर, आले.

तसा हा देश कवायतींचा. १९२३ च्या कांतो भूकंपात एक लाखावर बळी गेले. त्या आठवणीसाठी १ सप्टेंबर हा आपत्ती-निवारण दिन म्हणून पाळला जातो. टेबलाखाली शिरायचे आणि रांगेने मैदानात जायचे, हे शाळेपासूनच अंगवळणी पडते. पण अंगवळणी पडलेल्या गोष्टीवर माणूस फारसा विचार करत नाही.

आइची तंत्रविज्ञान विद्यापीठात असताना प्राध्यापक इतामिया तोमोकी यांनी एक ॲप तयार केले. स्मार्टफोन पुठ्ठ्याच्या चष्म्यात बसवून डोळ्यांना लावला की आपण उभे आहोत तीच खोली पाण्याने भरू लागते. मीही तो लावून पाहिला. घोट्याशी असलेले गढूळ पाणी गुडघ्यापर्यंत चढले, तेव्हा जमीन दिसेना. पायाखाली उघडे गटार आहे की पायरी, काही कळेना. पूरधोक्याच्या नकाशावर रंगाने दाखवलेली पाण्याची खोली म्हणजे काय, ते त्या क्षणी उमगले. त्याच ॲपमधल्या धुराच्या प्रसंगात उभे राहिले तर समोरचे काही दिसत नाही, खाली वाकले की दार दिसते. टोकियोच्या अग्निशमन दलाने २०१८ मध्ये व्हीआरची खास गाडीच रस्त्यावर आणली. तिच्यातल्या खुर्च्या हलतात, वारा आणि उष्णताही जाणवते.

पण नुसते दचकवून काही साधत नाही. त्याच ईशान्य किनाऱ्यावरच्या इशिनोमाकी शहरातील ओकावा प्राथमिक शाळेची हकिकत इथे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. २०११ च्या भूकंपानंतर मुले सुमारे ५० मिनिटे मैदानात थांबली. शाळेच्या पाठीमागेच टेकडी होती. कुठे जायचे हे मोठ्यांचे ठरेना आणि तेवढ्यात नदीतून त्सुनामी आली. १०८ पैकी ७४ मुले आणि १० शिक्षक-कर्मचारी पाण्याने नेले. पालक न्यायालयात गेले. आधीची तयारीच अपुरी होती, हा निकाल २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात कायम झाला.

त्याच दिवशी त्याच किनाऱ्यावरच्या कामाइशी शहरात वेगळे घडले. तिथल्या शाळांमध्ये प्राध्यापक कातादा तोशिताका यांनी अनेक वर्षे शिकवले होते : अंदाजावर विसंबू नका. उनोसुमाई भागातल्या दोन्ही शाळा नकाशाप्रमाणे धोक्याच्या क्षेत्राबाहेर होत्या, तरी मुले पळाली. ठरलेल्या जागी पोचल्यावर शेजारचा कडा ढासळताना दिसला, म्हणून ती आणखी वर गेली. शाळा बुडाल्या, पण पळालेली मुले वाचली.

व्हीआरची किंमत या दोन हकिकतींवरून ठरवावी. चष्म्यात दिसणारे पाणी हाही शेवटी कुणीतरी बांधलेला अंदाजच असतो. ‘एवढेच येईल’ असे त्यातून विद्यार्थ्याच्या मनात बसले, तर ते शिक्षण घातक ठरेल. चष्मा उतरवल्यावर खरा तास सुरू व्हायला हवा : तू केव्हा निघालास, कुणासाठी थांबलास, कोणत्या वाटेने गेलास, ती वाट बंद असती तर? मग त्याच वाटेने चढावर पायी जाऊन यावे. कारण संकटात माणूस बहुधा अज्ञानामुळे अडकत नाही. ‘आपल्याला काही होणार नाही’ या समजुतीने तो थांबून राहतो. ही समजूत एकदा तरी सुरक्षित जागी मोडून पाहता येते, हेच या साधनाचे मोठे देणे आहे.

आपल्याकडे किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा. आज महाविद्यालयात शिकणाऱ्यांपैकी बहुतेकांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. २०१९ चा कोल्हापूर-सांगलीचा आणि २०२१ चा चिपळूणचा महापूर मात्र अजून ताजा आहे. फोन बहुतेक विद्यार्थ्यांच्या हातात आहे आणि पुठ्ठ्याचा चष्मा महाग नाही. आपल्या प्राध्यापकांनी आपल्या गावची पूररेषा आपल्याच वर्गाच्या भिंतीवर मुलांना दाखवावी, आणि ती पाहून झाली की त्यांना घेऊन उंचावरच्या जागेपर्यंत चालत जावे.