डोंगर उतरवला, नदी वळवली: करंजाडेच्या शेजारचा विमानतळ

पनवेलच्या करंजाडे आणि वडघर वसाहतींच्या शेजारी 1160 हेक्टर जागेवर नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळ उभा राहिला आहे. 8 ऑक्टोबर 2025 रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि 25 डिसेंबरपासून प्रवासी वाहतूक सुरू झाली. झाहा हदीद आर्किटेक्ट्स या संस्थेने कमळावरून कल्पिलेले टर्मिनल सर्वांच्या नजरेत भरते. मात्र या प्रकल्पाचे खरे नवल त्याच्या जमिनीत आहे. धावपट्टी आखायला लागणारी सपाट जागा इथे मुळात नव्हतीच.

मग विमानतळ इथेच का? मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी विमानांची ये-जा होऊ शकत नाही, आणि भोवतीच्या दाट वस्तीमुळे विस्तारालाही वाव नाही. घाटावरच्या पुण्यात लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा. नागरी विमानांना तिथे लष्करी गरजा सांभाळूनच उड्डाण करावे लागते. पुण्याहून येणारा द्रुतगती मार्ग बोरघाट उतरून कळंबोलीपाशी संपतो. साहजिकच खाडीकाठची ही जागा मुंबईकरांइतकीच पुणेकरांच्याही सोयीची आहे.

सोय होती, पण मध्ये सुमारे 90 मीटर उंचीचा उलव्याचा डोंगर होता. भोवती दलदल आणि खारफुटी, जागेतून वाहणारी उलवे नदी आणि वरून गेलेल्या उच्चदाबाच्या वीजवाहिन्या. सुरुंग लावून डोंगर उतरवण्यात आला आणि त्याच्याच दगडमातीने सखल भागात भराव घातला गेला. नदीला नवा प्रवाहमार्ग दिला, वीजवाहिन्या हलवल्या. 2010 मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली, 2018 मध्ये भूमिपूजन झाले आणि ऑक्टोबर 2024 मध्ये हवाई दलाचे सी-295 विमान 3700 मीटर लांबीच्या धावपट्टीवर उतरले. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला 2 कोटी प्रवाशांची आहे. दुसरी समांतर धावपट्टी आणि उरलेली टर्मिनल पूर्ण झाल्यावर ती 9 कोटींवर जाईल.

डोंगर आणि नदीपेक्षा अवघड होते गावे हलवणे. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, उलवे अशा दहा गावांतल्या आगरी-कोळी कुटुंबांनी पिढ्यान् पिढ्यांची घरे सोडली. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाने त्यांना भरपाईपोटी, घेतलेल्या जमिनीच्या 22.5 टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आखली, आणि वडघर-करंजाडे परिसरात त्यांच्यासाठी नव्या वसाहती वसवल्या.

हा हक्क आयता मिळालेला नाही. नवी मुंबईसाठी जमिनी घेतल्या जात असताना जासईचे सुपुत्र दि. बा. पाटील शेतकऱ्यांचे नेते म्हणून उभे राहिले. जानेवारी 1984 मध्ये उरण परिसरातल्या आंदोलनावर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व रुजले, विमानतळग्रस्तांचे 22.5 टक्के हे त्याचेच पुढचे पाऊल. विमानतळाला 'दिबां'चे नाव द्यावे म्हणून भूमिपुत्र रस्त्यावर उतरले आणि 2022 मध्ये राज्य विधिमंडळाने तसा ठरावही केला.

कोणत्याही विमानतळाची थोरवी प्रवाशांच्या आकड्यांवर मोजली जाते. या विमानतळाला आणखी एक कसोटी लावली पाहिजे: ज्यांच्या अंगणावर ही धावपट्टी आहे, त्यांच्या मुलांना इथे कायमचा आणि मानाचा रोजगार मिळाला पाहिजे. सरकार, सिडको आणि विमानतळ चालवणारी कंपनी यांनी ते कर्तव्य मानावे.