बाइकचा साडीगार्ड काढण्यापूर्वी

बाइक सजवायला घेतली की घरच्या पान्याने बरेच जण आधी साडीगार्ड काढतात. दिसायला बरा नाही, म्हणून! पण केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ नुसार मागचं चाक किमान निम्मं झाकलेलं असावंच लागतं.

कारण ओढणी चाकात गेली की क्षणात गुंडाळली जाते. ती गळ्याभोवती असेल तर श्वासनलिकेला किंवा मानेच्या मणक्यांना इजा होऊ शकते. करंजाडेहून पनवेल स्टेशनपर्यंतच्या फेरीतही हे घडू शकतं. बसण्यापूर्वी ओढणी पिशवीत ठेवा, पदर कमरेला खोचा.

अडकलीच तर इंजिन बंद करा, ओढणी कापून गळा मोकळा करा, मान हलवू देऊ नका आणि १०८ ला फोन करा. आवाज बसला, गिळताना दुखलं किंवा मान सुजली, तर रुग्ण चालत-बोलत असला तरी रुग्णालयात न्याच.

सायलेन्सरवरचं झाकणही राहू द्या. पोटरी भाजली तर २० मिनिटं नळाच्या पाण्याखाली धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद नको.

सीटकव्हर हवं ते घाला, त्याला माझी हरकत नाही. काढलेला साडीगार्ड माळ्यावर असेल, तर तेवढा परत बसवून घ्या.