वायफायच्या कांड्या फुल, तरी नेट ४० सेकंद गायब?

कॉलेज किंवा ऑफिसच्या वायफायवर कधी असं झालंय का? रेंजच्या कांड्या फुल, पण व्हिडिओ अर्धा-पाऊण मिनिट अडकतो आणि मग आपोआप सुरू होतो. दर वेळी दोष फोनचा नसतो. मोठ्या नेटवर्कमध्ये इमारतींना जोडणारे लेयर ३ स्विच असतात. डेटा कुठल्या रस्त्याने पाठवायचा, हे ते बरेचदा ओएसपीएफ या राउटिंग प्रोटोकॉलने ठरवतात.

शेजारचा स्विच जिवंत आहे ना, हे कळावं म्हणून दोघं एकमेकांना दर १० सेकंदांनी छोटं 'हॅलो' पॅकेट पाठवतात. ४० सेकंद एकही हॅलो आला नाही, तर समोरचा गेला असं धरून दुसरा रस्ता घेतला जातो. यांना हॅलो इंटरव्हल आणि डेड इंटरव्हल म्हणतात. इथरनेटवर डीफॉल्ट आकडे हेच. केबल थेट स्विचमधून निघाली तर पोर्ट लगेच डाउन होतो, वाट बघावी लागत नाही. पण मध्ये मीडिया कन्व्हर्टर किंवा साधा स्विच असेल, तर पलीकडे लिंक तुटूनही आपल्याकडचा दिवा हिरवाच राहू शकतो. मग ४० सेकंद डेटा खड्ड्यात.

हे बघून मी एकदा हुशारी केली. एका स्विचवर 'आयपी ओएसपीएफ हॅलो-इंटरव्हल १' ही कमांड दिली. (सिस्कोच्या स्विचवर डेड इंटरव्हल आपोआप चौपट, म्हणजे ४ होतो.) पाचेक सेकंदांत शेजार तुटला. पिंग चालू, केबल ठीक, तरी 'शो आयपी ओएसपीएफ नेबर'ची यादी रिकामी! अर्धा तास मी केबल बदलत बसलो. झालं होतं असं, की हे दोन्ही आकडे हॅलो पॅकेटमध्येच लिहिलेले असतात आणि दोन्हीकडे सारखे नसले तर पॅकेट सरळ फेकून दिलं जातं. बीजीपी यात समजूतदार, दोघांपैकी कमी होल्ड टाइम घेऊन पुढे जातो. ओएसपीएफ अडूनच बसतो.

म्हणून बदल आधी लांबच्या स्विचवर करा, मग हाताशी असलेल्यावर. उलटं केलंत तर लांबच्या स्विचला लॉगिनच होणार नाही, आणि कन्सोल केबल घेऊन जिने चढावे लागतील.

आकडा फार कमीही नको. सीपीयू कामात गुंतला की हॅलो उशिरा जातात, धडधाकट शेजारी मेला असं ठरतं आणि एरियातले सगळे स्विच रस्ते पुन्हा मोजत बसतात. बिघाड सेकंदाच्या आत कळायलाच हवा असेल आणि स्विचमध्ये सोय असेल, तर बीएफडी चालू करा. मी आता तेच करतो, १० आणि ४० ला हात लावत नाही.