छताआडची गर्दी आणि बांधकामाचे वेळापत्रक

रुग्णालयात खाटेवर उताणे पडलेल्या माणसाला दिवसभर फॉल्स सीलिंगचे पांढरे चौकोन तेवढे दिसतात. त्या चौकोनांच्या वर दोन-तीन फुटांची पोकळी असते आणि अख्ख्या इमारतीतली सर्वात दाट गर्दी तिथेच असते. ऑक्सिजनची तांब्याची नळी, सक्शनची नळी, वातानुकूलनाचे पत्र्याचे डक्ट, आगीसाठीचे स्प्रिंकलर, केबलचे ट्रे आणि या सगळ्यांतून वाट काढणारा वरच्या मजल्यावरच्या संडास-बाथरूमचा ड्रेनेज पाइप. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. केबल वळवता येते, डक्ट थोडा चपटा करता येतो. ड्रेनेजच्या पाइपाला मात्र उतार लागतो, तो कोणाच्या सोयीसाठी वर चढत नाही. म्हणून आधी जागा त्याला द्यावी आणि बाकीच्यांनी उरलेल्यात बसावे, हे शहाणपण. प्रत्यक्षात साइटवर आधी पोचणारा ठेकेदार आपल्या सोयीने पाइप टाकून मोकळा होतो आणि मागून येणाऱ्याला तोडफोड करावी लागते. तीन महिन्यांत सुरू होणार म्हणून सांगितलेल्या अतिदक्षता विभागाला वर्ष लागते ते असे. त्या वर्षात आजारी पडायचे कोणी थांबत नाही.

बांधकामाचे वेळापत्रक बहुधा आडव्या पट्ट्यांच्या तक्त्यावर मांडलेले असते. कोणते काम लांबले तर सगळाच प्रकल्प लांबेल, हे शोधण्याची 'क्रिटिकल पाथ' ही पद्धत १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ड्युपाँट कंपनीच्या कामातून पुढे आली आणि ती आजही वापरात आहे. पण तक्त्याला तारीख कळते, जागा कळत नाही. 'तिसरा मजला, डक्टचे काम, १४ दिवस' आणि 'तिसरा मजला, गॅस पाइपलाइन, १० दिवस' या दोन पट्ट्या कागदावर सुखाने एकाखाली एक नांदतात. एकाच बोळात दोन टोळ्या दोन शिड्या घेऊन एकाच सकाळी उभ्या राहणार आहेत, हे त्या पट्ट्या सांगत नाहीत.

बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, म्हणजे 'बिम', या ठिकाणी उपयोगी पडते. इमारत उभी राहण्याआधी ती संगणकात त्रिमितीत उभी करायची. नुसते चित्र म्हणून नव्हे. त्यातल्या प्रत्येक पाइपाला आपली लांबी, व्यास, धातू आणि कोणत्या मजल्यावर कोणत्या उंचीवर जायचे, हे ठाऊक असते. दोन वस्तू एकाच जागेवर हक्क सांगू लागल्या की प्रणाली ती टक्कर दाखवते. मग यातल्या प्रत्येक वस्तूला वेळापत्रकातले तिचे काम जोडायचे. याला बांधकामवाले चौथी मिती म्हणतात. खर्च जोडला की पाचवी. (गणितवाले नाक मुरडतील, पण शब्द रूढ झाला आहे.) आता तारीख पुढे सरकवली की इमारत पडद्यावर आठवड्या-आठवड्याने वाढताना दिसते. मुदतीही अंदाजपंचे ठरवाव्या लागत नाहीत. मॉडेल म्हणते २४० मीटर नळी, टोळी दिवसाला ३० मीटर बसवते, म्हणजे आठ दिवस. आणि भिंत बांधून झाल्यावर तिच्यामागे नळी टाकायचे ठरले असेल, तर ती चूक पडद्यावरच पकडली जाते.

याची खरी परीक्षा कॅलिफोर्नियात झाली आणि तिला भूकंपाची पार्श्वभूमी होती. ९ फेब्रुवारी १९७१ च्या पहाटे सॅन फर्नांडो परिसरात भूकंप झाला, तेव्हा नुकतेच सुरू झालेले ऑलिव्ह व्ह्यू रुग्णालय मोडून पडले. जवळच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात चाळीसहून अधिक लोक दगावले. त्यानंतर कडक कायदा आला, ऑलिव्ह व्ह्यू नव्याने भक्कम बांधले गेले. १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपात ही नवी इमारत ताठ उभी राहिली, पण आतल्या पाण्याच्या नळ्या फुटल्या आणि रुग्णांना बाहेर हलवावे लागले. रुग्णालय म्हणजे नुसते खांब आणि तुळया नव्हेत, ही गोष्ट इतक्या स्पष्टपणे क्वचितच कोणी शिकवली असेल.

म्हणून तिथे नळ्या आणि डक्टनाही भूकंपात टिकतील असे आडवे-तिरपे आधार द्यावे लागतात. ते आधारही त्याच दोन-तीन फुटांत मावायचे. शिवाय साइटवर एखादा पाइप हलवला की त्या बदलाला सरकारी मंजुरी लागते. कॅस्ट्रो व्हॅली या गावातले ईडन मेडिकल सेंटर हेवर्ड भ्रंशाच्या शेजारी, जुन्या इमारतीत चालत होते. कायद्याची मुदत २०१३ च्या आरंभी संपणार होती आणि जुने रुग्णालय चालू ठेवूनच त्याच्या शेजारी १३० खाटांचे नवे उभारायचे होते. मालक, वास्तुरचनाकार, मुख्य ठेकेदार, वीज, नळकाम, वातानुकूलन असे एकूण ११ पक्ष एकाच करारावर सह्या करून बसले. नफा-तोट्यात सगळ्यांचा वाटा. सगळ्यांची मॉडेले एकत्र करून टकरी आधी पडद्यावर सोडवल्या गेल्या. सुमारे ३२ कोटी डॉलरचे हे रुग्णालय डिसेंबर २०१२ मध्ये, मुदतीच्या आत सुरू झाले. इथे श्रेय संगणकाचे किती आणि कराराचे किती, असा प्रश्न केला तर करारालाच झुकते माप द्यावे लागेल. दुसऱ्याच्या तोट्यात आपलाही तोटा आहे म्हटल्यावर नळकामवाला डक्टवाल्याला आपणहून फोन करतो.

चालू रुग्णालयात बांधकाम म्हटले की आणखी एक टक्कर होते आणि ती फक्त डॉक्टर-परिचारिकांनाच दिसते. जुने छत उघडले, भिंत फोडली की धुळीबरोबर अस्परजिलस नावाच्या बुरशीचे बीजाणू उडतात. आकार दोन-तीन मायक्रॉन, त्यामुळे ते बराच वेळ हवेत तरंगतात आणि फुप्फुसात खोलवर जातात. निरोगी माणसाला त्यांचा सहसा त्रास होत नाही. पण रक्ताच्या कर्करोगावर केमोथेरपी घेणाऱ्याला किंवा अवयवरोपण झालेल्याला यातून जीवघेणा न्यूमोनिया होऊ शकतो. हवाबंद पडदे, कामाच्या जागेतला हवेचा दाब आजूबाजूपेक्षा कमी ठेवणे, हेपा फिल्टर हे उपाय ठरलेले आहेत. अडचण असते ती कोणत्या दिवशी कोणती भिंत फुटणार, याचा वॉर्डाला पत्ता नसण्याची. वेळेला जोडलेल्या मॉडेलमध्ये धूळ उडवणारी कामे वेगळ्या रंगात दाखवता येतात. केमोथेरपी वॉर्डाच्या वरच्या मजल्यावरची फरशी कोणत्या आठवड्यात उखडणार, हे महिनाभर आधी कळले तर रुग्ण हलवता येतात. ऑक्सिजनच्या नळीला नवी शाखा जोडताना पुरवठा किती तास बंद राहील आणि त्या नळीवर कोणत्या खाटा आहेत, हेही तसेच. तेवढे तास सिलिंडरवर काढायचे, तर ते आदल्या दिवशी भरलेले हवेत.

आपल्याकडे हे तंत्र आलेले नाही असे नाही. नागपूर मेट्रोच्या उभारणीत पाच मितींचे बिम वापरले गेले. सार्वजनिक रुग्णालयांची अडचण वेगळी आहे. पन्नास-साठ वर्षांच्या इमारतीत मधल्या काळात कोणी कुठून कोणती नळी फिरवली, याचे नकाशेच बहुधा नसतात. मग मॉडेलमध्ये भरायचे काय? लेझर स्कॅनरने आहे त्या इमारतीचे माप घेता येते, पण भिंतीच्या पोटातली नळी त्याला दिसत नाही. तिथे पंचवीस वर्षे नोकरी केलेला प्लंबर जास्त कामाचा. दुसरे असे, की बांधकाम, वीज, वातानुकूलन आणि मेडिकल गॅस यांच्या निविदा वेगवेगळ्या निघतात आणि त्याही वेगवेगळ्या वेळी. गॅस पाइपलाइनचा ठेकेदार ठरेपर्यंत प्लॅस्टर होऊन गेलेले असते. ब्रिटनने एप्रिल २०१६ पासून केंद्रीय सरकारी बांधकामांत बिम सक्तीचे केले, तेव्हा मॉडेल कोणी करायचे, कोणत्या टप्प्यावर कोणती माहिती द्यायची, हे कामाच्या कागदपत्रांतच ठरवून दिले. आपल्या निविदेतही तेवढी दोन-चार कलमे घालता येतील: मॉडेल सामाईक असावे, ते बदलले की सर्वांना कळावे, आणि आठवड्याच्या बैठकीला वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर हजर असावी. कोणती खाट कधी रिकामी होते, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक नसते.