गाणे अडखळते का?

तुमच्या घरी किंवा शाळेत 'विंडोज एक्सपी'च्या काळातला, म्हणजे २००१ नंतरच्या काही वर्षांतला, एखादा जुना संगणक असेल, तर त्यावर गाणे लावून पाहा. बहुधा ते सुरळीत वाजेल. पण कधीकधी असे होते की एक कडवे नीट होते आणि मग आवाज अडखळतो, एकच स्वर 'टर्रर्र' असा घोटाळतो आणि गाणे पुढे सरकते. "संगणक म्हातारा झाला, नवा घ्या," हा सल्ला लगेच मिळतो. तो मानण्यापूर्वी थोडा हिशेब करू या.

कॉम्पॅक्ट डिस्कवरच्या संगीतात ध्वनिलहरीची उंची दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेली असते. प्रत्येक मोजमाप २ बाइटांचे, आणि डावा व उजवा असे आवाज दोन. म्हणजे सेकंदाला १,७६,४०० बाइट झाले. एमपी-थ्री पद्धतीने लहान केलेल्या गाण्याला तर बहुधा सेकंदाला १६,००० बाइट पुरतात. उलट त्या काळातली हार्ड डिस्क सेकंदाला दोन कोटी बाइट सहज वाचते. मग तुटवडा पडतो कोठे?

तुटवडा मालाचा नसून वेळेचा आहे. इमारतीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. खालचा एक नळ सतत, एकाच वेगाने वाहतो आहे आणि तो बंद करता येत नाही. पंप मात्र मधूनमधून चालतो. टाकी रिकामी होण्याच्या आत पंप चालू झाला की नळ वापरणाऱ्याला काहीच कळत नाही. संगणकातला नळ म्हणजे साउंड कार्ड. टाकी म्हणजे स्मृतीत राखून ठेवलेली थोडी जागा, तिला 'बफर' म्हणतात. पंप चालवणारा असतो प्रोसेसर. बफर अर्ध्या सेकंदाचा असेल, तर त्यात ८८,२०० बाइट मावतात. प्रोसेसर दिवसभरात कितीही काम उरको. त्या अर्ध्या सेकंदात तो दुसरीकडे अडकला, की गाणे अडखळणारच!

आणि 'टर्रर्र' का? हा बफर पुष्कळदा वर्तुळासारखा वापरतात. साउंड कार्ड शेवटापर्यंत वाचते आणि पुन्हा पहिल्यापासून वाचू लागते. तेवढ्यात नवा मजकूर भरला गेला नसेल, तर जुनाच तुकडा ते इमानेइतबारे पुन्हा वाजवते. जोडाच्या ठिकाणी लहरीची उंची एकदम उडी घेते. अशा आकस्मिक उडीत अनेक कंप्रता एकत्र असतात, म्हणून कानाला 'टक्' असे ऐकू येते. चित्रपटातली एखादी चौकट गळली तर डोळा बहुधा तक्रार करीत नाही. कान एवढा उदार नाही.

आता कारण शोधू. गाणे दर वेळी त्याच जागी अडखळते काय? तसे असेल तर दोष बहुधा गाण्याच्या फाइलीत किंवा ओरखडे पडलेल्या डिस्कमध्ये आहे, संगणकाला बोल लावू नये. जागा दर वेळी बदलत असेल, तर संगणकाच्या पुढच्या बाजूचा लुकलुकणारा दिवा पाहा. अडखळण्याच्या क्षणी तो एकसारखा पेटत असेल, तर प्रोसेसर हार्ड डिस्कपाशी खोळंबला आहे. स्मृती अपुरी पडून डिस्कवर ये-जा चालली असेल, किंवा विषाणूशोधक प्रोग्रॅम फाइली तपासत असेल. ते बंद करून पाहा. दिवा शांत आणि पंखा मात्र जोरात असेल, तर धूळ झाडा. पेंटियम-४ सारखा प्रोसेसर फार तापला की स्वतःच काम मंदावतो.

डिस्कवर संशय असेल, तर एक जागा अवश्य पाहावी, कारण तेथे कोणी सहसा पाहत नाही. 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये 'प्रायमरी आयडीई चॅनल' उघडा आणि 'अॅडव्हान्स्ड सेटिंग्ज'खाली कोणती पद्धत लिहिली आहे ते वाचा. 'अल्ट्रा डीएमए' असेल तर ठीक. या पद्धतीत डिस्कवरचा मजकूर परस्पर स्मृतीत उतरतो आणि प्रोसेसर मोकळा राहतो. 'पीआयओ' असेल, तर प्रोसेसर स्वतः हमाल झाला आहे! एका खेपेत दोनच बाइट. चार मिनिटांच्या एमपी-थ्री गाण्यासाठी १९,२०,००० खेपा. एकटे गाणे असते तर तेही निभावते. पण त्याच वेळी दुसरी मोठी फाइल वाहायची आली, की गाण्याची टाकी कोरडी पडते.

ही हमाली त्याच्या नशिबी येते कशी? अल्ट्रा डीएमए पद्धतीत प्रत्येक खेपेबरोबर एक पडताळणीचा आकडा जातो. गुणाकार ताडून पाहण्यासाठी पूर्वी नऊने भागून बाकी काढीत, त्याच जातीची ही युक्ती. बाकी जुळली नाही, तर मजकूर वाटेत बिघडला. अशा चुका साठत जाऊन सहाचा आकडा ओलांडला, की विंडोज एक्सपी सावध होऊन वेग उतरवतो आणि अखेर पीआयओवर येतो. पडद्यावर मात्र अवाक्षर काढीत नाही.

चुकांचे मूळ पुष्कळदा एका चपट्या केबलमध्ये असते. जुन्या केबलीत ४० तारा असत. वेग वाढला तसा शेजारच्या तारांतला विद्युत्स्पंद एकमेकींत उतरू लागला, म्हणून प्रत्येक दोन तारांच्या मध्ये जमिनीला जोडलेली एकेक तार घालून त्या ८० केल्या. टोकाच्या जोडणीत टाचण्या ४०च राहिल्या. मला ही रचना फार आवडते. निम्म्या तारा काहीच वाहून नेत नाहीत, नुसत्या शेजाऱ्यांमधले भांडण थांबवतात.

दुरुस्तीपूर्वी महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे उतरवून घ्या, कारण त्या चुका मरू घातलेल्या डिस्कच्याही असू शकतात. मग संगणक बंद करून, विजेची पिन काढून, मोठ्या माणसासमक्ष केबल नीट बसवा किंवा ८० तारांची नवी घाला. त्यानंतर 'डिव्हाइस मॅनेजर'मधून ते चॅनल काढून टाका आणि संगणक पुन्हा सुरू करा. विंडोज ते नव्याने ओळखतो आणि मोजणी पुन्हा शून्यापासून करतो. काही प्लेअरमध्ये बफर मोठा करण्याची सोय असते. पण त्याने दुखणे झाकते, बरे होत नाही. आठवड्याभरानंतर पुन्हा तेथे डोकावा. नव्या केबलीनंतरही 'पीआयओ' परतला असेल, तर ती डिस्क बदलावी आणि संगणक ठेवावा.